एका संगणकात दोन प्रणाली : किल्ली कोणाच्या हाती?

विंडोज १० या संगणक प्रणालीला मोफत सुरक्षा-दुरुस्त्या पुरवण्याचे काम मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. जुलै २०१५ मध्ये बाजारात आलेली ही प्रणाली दहा वर्षे जगभरातील कचेऱ्या, शाळा आणि घरे यांमधून वापरली गेली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. पडदा नेहमीसारखाच उजळला, पत्रे टंकलिखित झाली, हिशेब लिहिले गेले. थांबले ते एवढेच, की या प्रणालीत यापुढे एखादे नवे छिद्र सापडले तर ते बुजवणारी दुरुस्ती आपोआप येऊन पोहोचणार नाही. धोका डोळ्यांना दिसत नसल्यामुळे निर्णय पुढे ढकलणे सोपे जाते, आणि अनेक लहान कार्यालयांत तो तसाच पुढे ढकलला गेला आहे.

कंपनीने दाखवलेला मार्ग विंडोज ११ चा आहे. तथापि, ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या प्रणालीच्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, 'सिक्युअर बूट'ची सोय आणि मान्यताप्राप्त यादीतील प्रोसेसर असल्याखेरीज ती अधिकृतपणे बसवता येत नाही. इंटेलच्या बाबतीत ही यादी, काही मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक, ते कितीही धडधाकट असले तरी, रांगेतून बाहेर पडतात. कॅनालिस या बाजार-विश्लेषण संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये वर्तवलेल्या अंदाजानुसार या बदलामुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात.

ज्यांना जुना संगणक सोडायचा नाही, त्यांच्यासाठी कंपनीने वाढीव सुरक्षा सेवा देऊ केली. घरगुती ग्राहकांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, ३० डॉलर शुल्काची किंवा आपल्या संगणकातील मांडणी कंपनीच्या क्लाउडवर ठेवण्याच्या मोबदल्यात विनाशुल्क अशी ठरवण्यात आली. संस्थांसाठी पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, दरवर्षी दुप्पट आणि अधिकाधिक तीन वर्षे, अशी आकारणी आहे. हे गणित मांडले तर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस एका संगणकामागे चारशेहून अधिक डॉलर खर्ची पडतात. एवढ्या रकमेत आपल्याकडे साधासा नवा संगणक येतो.

या पार्श्वभूमीवर जुनीच एक वाट पुन्हा चर्चेत आली आहे. संगणकातील विंडोज न काढता तिच्या शेजारी लिनक्ससारखी दुसरी, मुक्त स्वरूपाची प्रणाली बसवायची आणि संगणक सुरू करताना हवी ती निवडायची. संगणक-जगतात हिला 'ड्युअल बूट' म्हणतात. वरवर पाहता ही तंत्रज्ञांची हौस वाटते. वास्तविक, विकत घेतलेल्या यंत्रावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न गेली पंचवीस-तीस वर्षे याच ठिकाणी लढवला जात आहे.

दोन बिऱ्हाडे, एक उंबरठा

संगणकाचे बटण दाबल्याबरोबर विंडोज किंवा लिनक्स सुरू होत नाही. आधी जागे होते ते मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेले छोटेसे सॉफ्टवेअर, म्हणजेच फर्मवेअर. जुन्या संगणकांत त्याला बायोस म्हणत. अलीकडच्या संगणकांत यूईएफआय ही व्यवस्था त्याच्या जागी आली आहे. फर्मवेअर यंत्राचे अवयव तपासून पाहते आणि डिस्कच्या एका ठरावीक कप्प्यात ठेवलेल्या 'बूटलोडर'कडे सूत्रे सोपवते. बूटलोडर प्रणालीला संगणकाच्या स्मृतीत आणून उभी करतो. पुढचा सारा कारभार प्रणालीचा.

दोन प्रणाली नांदवायच्या तर डिस्कचे विभाग पाडले जातात. एका विभागात विंडोज राहते, दुसऱ्यात लिनक्स. लिनक्ससोबत येणारा 'ग्रब' हा बूटलोडर सुरुवातीला काही सेकंद दोन्ही नावे पडद्यावर दाखवतो आणि वापरणारा त्यांतून एक निवडतो. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे असावीत, पण एका वेळी एकच चूल पेटावी, असा हा प्रकार आहे.

एका प्रणालीच्या आत दुसरी चालवण्याचीही सोय असते. तिला आभासी संगणक म्हणतात. खुद्द मायक्रोसॉफ्टनेच २०१६ पासून विंडोजच्या पोटात लिनक्स चालवण्याची व्यवस्था दिली आहे. पण हे पोटभाडेकरू ठेवण्यासारखे आहे. मूळ घरमालक जागा अडवून असतोच आणि संगणकाची स्मृती दोघांत वाटली जाते. चार जीबी रॅमच्या जुन्या यंत्राला हा भार पेलत नाही. ड्युअल बूटमध्ये जी प्रणाली चालू असेल तिला अख्खे यंत्र मिळते. ज्या यंत्रांचा प्रश्न आज उभा आहे ती जुनी आणि बेताच्या ताकदीची आहेत, हे ध्यानात घेता ही बाब महत्त्वाची ठरते.

गैरसोयीही आहेत. एका प्रणालीतून दुसरीत जायचे तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. लिनक्सला विंडोजचा विभाग वाचता येतो, त्यात लिहिताही येते. विंडोजला मात्र लिनक्सचा विभाग आपण होऊन उघडता येत नाही. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' ही सोय चालू असेल तर संगणक बंद केल्यासारखा दिसला तरी विंडोज अर्धवट निद्रेत असते, आणि अशा वेळी लिनक्स त्या विभागात लिहिण्यास नकार देते. ही सोय आधी बंद करणे इष्ट. भारतातील वापरकर्त्यांना एक गंमतीदार अनुभव हमखास येतो. लिनक्समधून विंडोजमध्ये परतावे तर घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले असते. विंडोज यंत्रातील घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते. हा साडेपाच तासांचा फरक तिथून येतो आणि लिनक्समधील एका आज्ञेने मिटतो.

खरी जोखीम डिस्कचे विभाग पाडताना असते. आधी सर्व महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. विंडोजने डिस्क कुलूपबंद केलेली असेल, म्हणजे बिटलॉकर चालू असेल, तर ४८ अंकांची पुनःप्राप्ती किल्ली कागदावर लिहून ठेवावी. सुरू होण्याच्या क्रमात बदल होताच विंडोज ती मागण्याची शक्यता असते आणि ती नसेल तर फायलींना मुकावे लागते. लिनक्स बसवण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते आणि त्यात डिस्कला हात लागत नाही. प्रिंटर, वायफाय आणि मराठी टंकलेखन या तीन गोष्टी तेव्हाच तपासून घ्याव्यात. संगणकात जागा असेल तर दुसरी स्वतंत्र एसएसडी डिस्क बसवून तिच्यावर लिनक्स ठेवणे सर्वांत निर्धोक, कारण विंडोजच्या डिस्कला मग स्पर्श करण्याचेच कारण उरत नाही. एक चूक फार महागात पडते. बसवताना 'संपूर्ण डिस्क पुसून टाका' आणि 'विंडोजच्या शेजारी बसवा' हे पर्याय एकाच पडद्यावर एकाखाली एक येतात.

विंडोज सुटत का नाही?

लिनक्स आज घरगुती वापराला पुरेशी सोपी झाली आहे. ब्राउझर, पत्रलेखन, चित्रपट पाहणे, बँकेचे व्यवहार यांपैकी काहीच अडत नाही. मग विंडोज पुसूनच का टाकू नये, असे विचारले जाते. याचे उत्तर भारतीय कार्यालयाच्या टेबलावर आहे. हिशेबासाठी देशभर वापरले जाणारे टॅली हे विंडोजवरचे सॉफ्टवेअर आहे. वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांसाठी सरकारी संकेतस्थळावर दिलेले ऑफलाइन साधन विंडोज आणि एक्सेल गृहीत धरूनच बनवलेले आहे. छपाईच्या दुकानांतील कोरलड्रॉ आणि पेजमेकरच्या जुन्या फायलींचीही तीच कथा.

मराठीपुरता आणखी एक पेच आहे, आणि भाषांतराच्या टेबलावर बसणाऱ्यांना तो चांगलाच परिचयाचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेली असत. प्रत्येक फॉन्ट-निर्मात्याची मांडणी निराळी. श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम आणि इतर कित्येक पद्धतींत लिहिलेला मजकूर तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा दिसतो. इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणच्या मराठी संस्थांच्या स्मरणिका, कार्यालयांची परिपत्रके, नियतकालिकांचे संच, असे बरेच काही या अवस्थेत साठून आहे. परिवर्तक साधने उपलब्ध आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार यांच्या बाबतीत ती अडखळतात आणि प्रत्येक पान वाचून तपासावे लागते. हे काम पुरे होईपर्यंत ते जुने सॉफ्टवेअर ज्यावर चालते ती विंडोज हवीच.

नव्या लेखनाची अडचण मात्र फारशी नाही. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये प्रमाणित केलेली इन्स्क्रिप्ट मांडणी दोन्ही प्रणालींत उपलब्ध आहे. बोटांना एकदा वळण लागले की प्रणाली बदलली तरी ती थांबत नाहीत. टंकलेखन यंत्राच्या जुन्या मांडणीची सवय असलेल्यांना थोडी जुळवाजुळव करावी लागते.

यावरून कामाची विभागणी स्पष्ट होते. दुरुस्त्या बंद झालेली विंडोज इंटरनेटपासून तोडून केवळ जुन्या सॉफ्टवेअरसाठी ठेवावी आणि इंटरनेटवरची सगळी कामे लिनक्समधून करावीत. विवरणपत्राची फाइल विंडोजमध्ये तयार करून लिनक्समधून पाठवता येते. ही विभागणी सर्वांना मानवेल असे नाही. ज्या दुकानाला हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधूनच दिवसभर ई-बिले काढायची आहेत, त्याला दर बिलामागे संगणक पुन्हा सुरू करणे परवडणार नाही. अशांनी नवा संगणक घेणेच श्रेयस्कर. पण लेखक, शिक्षक, वाचनालये, लहान संस्था आणि विद्यार्थी यांच्यासाठी ही व्यवस्था वर्षानुवर्षे चालू शकते.

उंबरठ्याचा जुना वाद

दोन प्रणाली असलेला संगणक दुकानात तयार का मिळत नाही, हा प्रश्न कोणाला पडला तर तो रास्त आहे. तांत्रिक अडचण कधीच नव्हती. १९९० च्या दशकात ॲपलचे माजी अधिकारी ज्याँ-लुई गासे यांनी बी इन्कॉर्पोरेटेड ही कंपनी काढून बीओएस ही प्रणाली बनवली. विंडोजला हटवण्याची भाषा त्यांनी केली नाही. विंडोजच्या शेजारी थोडी जागा मिळावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. जपानच्या हिताची कंपनीने आपल्या काही संगणकांवर दोन्ही प्रणाली घालूनही दिल्या. पण संगणक सुरू करताना निवडीचा तक्ता येत नसे. यंत्र थेट विंडोजमध्येच उघडे आणि दुसरी प्रणाली ग्राहकाला वेगळ्या सूचना पाळून जागी करावी लागे.

मायक्रोसॉफ्टने संगणक-उत्पादकांशी केलेल्या परवाना-करारांमुळे सुरू होण्याच्या क्रमात बदल करण्यास त्यांना मज्जाव होता, असा आरोप करून बी कंपनीने फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर २००३ मध्ये दोन कोटी साडेबत्तीस लाख डॉलर देऊन मायक्रोसॉफ्टने तो दावा मिटवला. कोणतीही चूक मात्र कबूल केली नाही. तोवर बी कंपनीची मालमत्ता २००१ मध्येच पाम या कंपनीकडे गेली होती. न्याय मिळाला तेव्हा फिर्यादीचे दुकान बंद झालेले होते.

पुढे २०१४ मध्ये हाच खेळ नव्या पटावर झाला. आसुस कंपनीने विंडोज आणि अँड्रॉइड दोन्ही असलेला संगणक जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात मांडला. मार्चमध्ये तो गुंडाळल्याच्या बातम्या आल्या आणि गूगल व मायक्रोसॉफ्ट या दोघांनाही ही कल्पना रुचली नसल्याचे त्यांत म्हटले होते. त्याच प्रदर्शनात भारताच्या मायक्रोमॅक्सनेही दोन प्रणालींचा 'लॅपटॅब' दाखवला होता. २०१५ मध्ये तो भारतीय बाजारात आला तेव्हा त्यात एकटी विंडोज होती. परस्परांचे कट्टर प्रतिस्पर्धी ग्राहकाला दोन पर्याय एकत्र देण्याच्या विरोधात एकमताने उभे राहावेत, हे बोलके आहे.

ॲपलची तऱ्हा काही वर्षे उलट होती. एप्रिल २००६ मध्ये 'बूट कॅम्प' आणून त्या कंपनीने आपल्या संगणकावर विंडोज बसवण्याची सोय स्वतःच दिली. तेव्हा ग्राहकाला विंडोजची भीती न घालता आपल्याकडे ओढायचे होते. २०२० मध्ये स्वतःच्या प्रोसेसरवर गेल्यावर नव्या संगणकांत ती सोय उरली नाही.

सही कोणाची?

२०१२ मध्ये विंडोज ८ सोबत 'सिक्युअर बूट' ही व्यवस्था घरोघरच्या संगणकांत आली. तिचे तत्त्व असे, की फर्मवेअरने कोणत्याही बूटलोडरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. त्याच्यावरील डिजिटल सही तपासावी, ओळखीची असेल तरच सूत्रे सोपवावीत. ही खबरदारी अनाठायी म्हणता येणार नाही. प्रणाली सुरू होण्यापूर्वीच घुसणारे घातक सॉफ्टवेअर नंतर कोणत्याही विषाणूरोधकाला सापडत नाही. २०२३ मध्ये उजेडात आलेल्या 'ब्लॅक लोटस' या घातक सॉफ्टवेअरने तर सिक्युअर बूटलाही चकवले होते.

प्रश्न आहे तो सही कोणाची मानायची याचा. बाजारातील जवळपास प्रत्येक संगणकाच्या फर्मवेअरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या आधीपासून असतात. प्रत्येक उत्पादकाला आपली किल्ली घालायला लावण्याइतकी ताकद लिनक्सच्या विखुरलेल्या समुदायांपाशी नव्हती. त्यांनी तडजोड स्वीकारली. 'शिम' नावाचा एक छोटा मध्यस्थ बूटलोडर बनवून तो मायक्रोसॉफ्टकडून सही करून घ्यायचा आणि पुढची तपासणी शिमने करायची. परिणामी, सिक्युअर बूट चालू असलेल्या सर्वसाधारण संगणकावर लिनक्स सुरू होते ती प्रतिस्पर्ध्याच्या स्वाक्षरीने. विंडोज ८ च्या काळात इंटेल-धर्तीच्या संगणकांवर ही व्यवस्था बंद करण्याची मुभा ग्राहकाला देणे उत्पादकांना बंधनकारक होते. विंडोज १० पासून ते उत्पादकाच्या मर्जीवर सोपवले गेले.

या तडजोडीची किंमत १३ ऑगस्ट २०२४ रोजी दिसली. ग्रब बूटलोडरमधील २०२२ सालची एक त्रुटी बंद करण्यासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या मासिक दुरुस्तीतून एक नवी यादी संगणकांच्या फर्मवेअरपर्यंत पोहोचवली. जुने, असुरक्षित बूटलोडर यापुढे नाकारावेत, असा तिचा हेतू. दोन प्रणाली असलेल्या संगणकांना ही दुरुस्ती लागू होणार नाही, असे कंपनीने सांगितले होते. प्रत्यक्षात अशा अनेक संगणकांना ती लागू झाली. विंडोज सुरळीत चालत राहिली आणि लिनक्स निवडताच पडद्यावर काहीतरी फार गंभीर बिघडल्याचा इशारा येऊन यंत्र बंद होऊ लागले. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून, लिनक्समधून ती यादी काढून टाकण्याचा उपाय लोकांनी शोधला. कंपनीने सप्टेंबरपासून ती दुरुस्ती पुढे पाठवणे थांबवले आणि पूर्ण निराकरण मे २०२५ मध्ये दिले. म्हणजे नऊ महिन्यांनी.

यात कट शोधण्याचे कारण नाही. संगणकात दुसरी प्रणाली आहे की नाही हे ओळखण्याची कंपनीची पद्धत अपुरी होती, इतकेच. पण एका बिऱ्हाडकरूने दाराचे कुलूप बदलावे आणि दुसऱ्याला ते सकाळी कळावे, ही स्थिती हेतू चांगला असल्याने बरी ठरत नाही.

आता त्या किल्ल्यांचेच वय झाले आहे. २०११ मध्ये दिलेल्या सिक्युअर बूटच्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपण्याची होती आणि त्यांच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रे आणण्यात आली. मुदत संपली म्हणून चालू संगणक अचानक बंद पडत नाही. मात्र ज्याच्या फर्मवेअरमध्ये नवे प्रमाणपत्र पोहोचले नाही, तो केवळ नव्या किल्लीने सही केलेला शिम ओळखणार नाही. नवी प्रमाणपत्रे मुख्यतः विंडोजच्या दुरुस्त्यांमधून दिली जातात. ज्या विंडोज १० संगणकांनी वाढीव सेवा घेतली नाही, त्यांना हा मार्ग बंद होतो. उत्पादकाकडून नवे फर्मवेअर मिळू शकते, काही यंत्रांसाठी लिनक्समधूनही ते बसवता येते. पण दहा वर्षांपूर्वीच्या संगणकासाठी उत्पादक एवढी तसदी घेईलच याची खात्री नसते. विंडोज ११ ने ज्यांना नाकारले, नेमक्या त्याच यंत्रांसमोर ही दुसरी अडचण उभी राहते. तेथे सिक्युअर बूट बंद करण्याचा पर्याय उरतो, अर्थात उत्पादकाने तो ठेवला असेल तर.

धोरणे आणि प्रत्यक्ष

परकीय कंपनीच्या निर्णयावर किती अवलंबून राहावे, हा विचार जुलै २०२५ मध्ये भारतात अधिक गांभीर्याने झाला. युरोपीय संघाच्या निर्बंधांचा हवाला देत मायक्रोसॉफ्टने गुजरातमधील वाडिनार येथे तेल शुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जी कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाल्या. हे प्रकरण ई-मेलसारख्या सेवांचे होते, संगणकातील प्रणालीचे नव्हे. तरीही मोबदला दिलेली सेवा दूरच्या कार्यालयातून बंद होऊ शकते, ही गोष्ट त्याने सर्वांना दाखवून दिली.

धोरणाच्या पातळीवर भारत मागे नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. निविदा भरणाऱ्याने मुक्त स्रोत पर्याय वगळला तर त्याची कारणे द्यावीत, असे त्यात म्हटले आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स प्रणाली दिली. संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर 'माया' ही उबुंटूवर आधारित प्रणाली आणत असल्याचे वृत्त ऑगस्ट २०२३ मध्ये आले.

सर्वांत दीर्घ अनुभव केरळच्या शाळांचा आहे. तेथे २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू झाला आणि त्याच दशकात तो विंडोजकडून मुक्त सॉफ्टवेअरकडे वळला. २०१७ मध्ये त्यातूनच 'काइट' ही सरकारी कंपनी उभी राहिली. शाळांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवर स्वतःची लिनक्स वापरल्याने ३,००० कोटी रुपये वाचल्याचा दावा तिने २०१९ मध्ये केला. प्रत्येक संगणकासाठी सगळे परवाने पूर्ण किमतीने घेतले असते, असे धरले तरच असा आकडा येतो, तेव्हा तो जपून वाचावा. शिक्षकांचे सातत्याने झालेले प्रशिक्षण आणि नव्या प्रणालीला धरून लिहिलेली पाठ्यपुस्तके ही त्याहून मोलाची कमाई आहे. बचतीच्या आकड्यात तिचा उल्लेख येत नाही.

याच्या शेजारी जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेचे उदाहरण ठेवून पाहण्यासारखे आहे. २००३ मध्ये तिने लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला. दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले. पण काही खात्यांची खास सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असल्याने विंडोजही समांतर ठेवावी लागली. ती पुढे कधीच पूर्णपणे गेली नाही आणि २०१७ मध्ये नगरपालिकेने विंडोजकडे परतण्याचे ठरवले. माघारीच्या कारणांवर अजून वाद आहेत, राजकारणाचा भागही त्यात होता. मात्र दोन प्रणाली सांभाळण्याचा दुहेरी बोजा हे त्यांतले एक कारण होते, हे बहुतेकांना मान्य आहे.

दोन प्रणाली शेजारी ठेवल्याने मिळतो तो अवधी. घरातला वापरकर्ता त्या अवधीत आपले जुने फॉन्ट युनिकोडमध्ये आणू शकतो, नव्या प्रणालीला रुळू शकतो. सरकारी साधनांचे काम त्याच्या आवाक्यातले नाही. कर-विवरणाचे साधन विंडोजखेरीज चालत नसेल, तर देशातल्या लाखो लहान व्यापाऱ्यांच्या संगणकातले ते एक बिऱ्हाड कायम राहील, २०१५ च्या धोरणात काहीही लिहिलेले असो. हे साधन सर्व प्रणालींवर चालेल असे बनवणे सरकारच्याच हाती आहे आणि त्याला कोणत्याही परकीय कंपनीची संमती लागत नाही. तीच गोष्ट खरेदीची. केंद्र आणि राज्य सरकारे शाळा व कार्यालये यांसाठी दरवर्षी मोठ्या संख्येने संगणक घेतात. सिक्युअर बूटच्या किल्ल्या बदलण्याचा अधिकार खरेदीदाराकडे असावा आणि नवी प्रमाणपत्रे असलेले फर्मवेअर ठरावीक वर्षे मिळत राहावे, अशा दोन ओळी निविदेत घातल्या तर उत्पादकांना त्या मान्य कराव्या लागतील. यंत्रांत तशी तरतूद यूईएफआयच्या प्रमाणात पहिल्यापासूनच आहे.